मी नको म्हणालो

बायकोला तिच्या आईचं शेवटचं तोंड मी पाहू दिलं नाही. ही चूक माझी एकट्याची. युरोपच्या सहलीची ती अखेरची संध्याकाळ. पॅरिसच्या एका दुकानात ती आईसाठी शाल निवडत होती, तेवढ्यात घाटघरहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, आई गेली. आत्ताच माती उरकायचीय. ताईला मोबाईलवर तोंड दाखवू का?" पोचणं तर शक्यच नव्हतं, मग परक्या मुलखात तिला रडवायचं कशाला, म्हणून मी नको म्हणालो. मागं वळलो तर तिने मऊ, राखाडी शाल पुढे धरली. "थंडीची आईला बरी व्हईल ना?" मी मान हलवली. विमानातही ती शाल तिच्या मांडीवरच होती. माळशेज घाट चढताना मी एकदाचं सारं सांगितलं. ती रडली नाही. "मला इचारायचं तरी व्हतं," एवढंच म्हणाली. दहाव्यालाही मी तिची माफी मागितली नाही. परवा शेजारी एका मयतापाशी कुणीतरी मोबाईल धरला होता आणि दूरदेशीच्या लेकीचं रडणं अंगणभर ऐकू येत होतं. घरी येऊन मी बायकोपुढे बसलो. म्हणालो, "तुझ्या वाटचं रडणं मी हिरावलं. चुकलो. मला माफ कर."