पेटीतल्या रेशमाचा आवाज

लहानपणी आमच्या दारावरून रोज टांगे जात. तरीही घोड्याच्या टापांचा आवाज मी शिकलो तो कॅम्पातल्या इंग्रजी चित्रपटगृहात. पडद्यावरचा घोडा खडीवरून दौडत आला की खुर्चीची कड घट्ट धरावी लागे. बाहेर आल्यावर टांग्याचा घोडा खोटा वाटे. त्या टापा नारळाच्या करवंट्यांच्या असत, हे मला मुलीने सांगितले तेव्हा माझी सत्तरी उलटली होती. मला राग आला नाही. ज्यांनी करवंट्यांनी खऱ्या घोड्याला खोटे पाडले, त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

ते चित्रपट अमेरिकेतल्या एका मोठ्या स्टुडिओचे. त्याचे नाव देण्याची गरज नाही; ज्याने इंग्रजी चित्रपट पाहिला त्याने त्याची पाटी पाहिली आहे. चित्रपट बोलू लागला तेव्हा ध्वनिग्राहक नटाच्या तोंडाशीच अडकला. पावले, दारे, कपडे सारे मुकेच राहिले. स्टुडिओने त्यासाठी एक निराळी खोली केली. तिथे माणसे पडद्याकडे पाहत वाळूवर, फळ्यांवर, फरशीवर चालत आणि नटांना पाय देत. पुढे टीव्ही आला, कॅसेट आली, फोन आला. दर वेळी जाणकारांनी त्या स्टुडिओचे तेरावे घातले आणि दर वेळी तो स्वतःच पंगतीला हजर राहिला. जगभरच्या प्रेक्षकांचे कान त्यानेच घडवले, असे माझे मत आहे.

माझी मुलगी रॅफल्स प्लेसच्या बँकेत होती. मीही नोकरीसाठी देश सोडून इथे आलो आणि आयुष्य तिथल्याच एका बँकेत काढले. तिने ती नोकरी सोडली आणि पाया लेबार भागातल्या एका इमारतीत आवाज करण्याची खोली थाटली. मी विरोध केला नाही. संमतीही दिली नाही. वर्षभर जाहिरातींची कामे झाली. मग त्याच स्टुडिओकडून एक प्रसंग परीक्षेसाठी आला. पसंत पडला तर सबंध चित्रपटाचे आवाज तिच्याकडे येणार होते. नाही पडला तर खोली बंद करून बँकेत परत जायचे, असे तिने ठरवले होते आणि मला स्पष्ट सांगितले होते.

प्रसंग लहान होता. एक म्हातारी जुनी पेटी उघडते, लग्नातले रेशमी वस्त्र काढते आणि उलगडते. बोलणे नाही. सगळा भार रेशमावर.

आमच्या घरात यावर विचार करावा लागला नाही. पत्नीने कपाट उघडून पैठणी काढली. आम्ही पासिर रिसच्या घरून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघालो. पैठणीची पिशवी तिने मला धरू दिली नाही. मुलीला आधी हात धुवायला लावले. ध्वनिमुद्रण झाले. आम्हा तिघांनाही ते उत्तम वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओच्या बाई संगणकाच्या पडद्यावर बोलायला आल्या. त्यांच्याकडे एक जुना शिरस्ता आहे: आवाज प्रथम पडदा काळा ठेवून ऐकायचा. काळ्या पडद्यावर वस्तू दिसली तर आवाज खरा. आम्ही मागे बसून ऐकले.  मग बाई म्हणाल्या, "या वस्त्राला कोणीतरी फार जपले आहे, हे मला ऐकू येते. पण चित्रपटातली पेटी तर वर्षानुवर्षे कोणी उघडलेली नाही."

मी थक्क झालो. पत्नी दर दसऱ्याला पैठणी वाऱ्यावर टाकते, घड्या बदलते, मलमलीत गुंडाळते. त्यामुळे ती मऊ राहिली आणि मुकी झाली. समुद्रापलीकडच्या एका बाईंनी केवळ कानाने हे ओळखले. पत्नीला ही प्रशंसाच वाटली आणि ती प्रसन्न दिसत होती. मुलीचा चेहरा उतरला होता. बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

पुढचे दिवस घरात मिळेल ते चुरगळून ऐकण्यात गेले. केळीची सुकलेली पाने, पतंगाचा कागद, माझा रेनकोट. पत्नीने पापडही पुढे केले. मुलगी इथल्या बोलीतला 'ला' शेवटी लावून म्हणाली, "आई, ती म्हातारी लग्न उलगडतेय, ताट वाढत नाहीये ला."

गुरुवारी मी माझ्या लग्नातले उपरणे शोधले. रेशमी, जरीकाठी. लग्नाच्या दिवशी खांद्यावर होते. त्यानंतर बॅगेच्या तळाशी, त्याच घडीत. पुरुषाचे उपरणे पुन्हा कोणाला लागते? इथल्या दमट हवेने आपले काम केले होते. कोपरा उचलताच घडीवर रेशीम करकरले. मी तिथेच थांबलो आणि ते एका ताटात ठेवून पाया लेबारला नेले.

मुलीने बोट न लावता ते पाहिले.

"बाबा, हे एकदाच वाजेल. उलगडलं की चिरणार."

"माहीत आहे."

"आणि मी चुकले तर?"

"चुकू नकोस."

पत्नी हसली. मुलगी हसली नाही. तिने ध्वनिग्राहक जवळ घेतला, पंखा बंद केला, आम्हाला भिंतीशी उभे केले. पडद्यावरच्या म्हातारीचे हात हलले तसे तिचे हलले. पहिली घडी सुटताना करकर झाली, दुसरीला बारीक फाटल्याचा आवाज आला, तिसरीला नुसती जरतार झडल्याची चुरचुर. मग काहीच नाही. काळ्या टेबलावर सोनेरी भुगा पडला होता.

शुक्रवारी बाईंनी पडदा काळा ठेवून ते ऐकले आणि पुन्हा एकदा लावायला सांगितले. हे वस्त्र कोणाचे, असे त्यांनी विचारले. मुलीने मागे न पाहता सांगितले, "माझ्या वडिलांचं." बाईंनी चित्रपट तिला दिला. पुढचे बोलणे कामाचे होते, म्हणून मी बाहेर आलो.

पत्नी बाहेरच्या पॅसेजमध्ये उभी होती. तिला निर्णय सांगितला.

"मी दर वर्षी म्हणायचे, तेही वाऱ्यावर टाकू," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, राहू दे. एकदा तरी तुमचं ऐकल्याचा उपयोग झाला."

 थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली आणि तिने विचारले, सोमवारपासून पुष्कळ दारांचे आवाज लागणार आहेत, घरातली कोणती दारे करकरतात? मी सांगितले की स्वयंपाकघराचे. मी त्याला तेल घालणार होतो. आता घालणार नाही.