पाय आवर

चूक माझीच. लातूरला आमच्याच कॉलेजात प्राध्यापकांचं चर्चासत्र होतं. मी प्राणिशास्त्र शिकवतो. पेशी कशी चालते ते सांगत होतो. म्हणायचं होतं, "पेशी आधी पाय पसरते." तोंडातून आलं, "पेशी आधी पाय आवरते."

सोफ्यावरून संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "पसरते म्हणा, सर. लाजता काय? आता तुमच्याच लोकांचे दिवस हायेत. पसरा की पाय."

सभागृह हसलं. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. नोकरीत कमावलेली कला.

पण जीभ का घसरली, ते मला ठाऊक होतं.

जुनी गोष्ट. लातूर नुकता जिल्हा झाला होता. आमचं गाव देवणीकडचं. पाऊस नाही, विहिरी तळाला. नव्या जिल्ह्याचे साहेब दुष्काळ बघायला येणार म्हणून शाळेपुढं सतरंजी अंथरलेली. बुद्धवाड्यातली आम्ही माणसं सतरंजीच्या बाहेर, मातीत. मी लहान. बसून बसून मुंग्या आल्या, म्हणून पाय लांब केला. टाच सतरंजीच्या काठाला लागली.

घोट्यावर काठी बसली. गावचे मालक.

"पाय आवर रे. सतरंजी बाटवतो का?"

काठी विसरलो असतो. पण शेजारी माय होती. तिनं माझा घोटा धरला आणि पाय आत ओढला. मालकाकडं न बघता. माझ्याकडंही न बघता. माय जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा हात गेला नाही. कुणी वरच्या आवाजात बोललं की घोट्यावर आवळतो.

चर्चासत्रातही आवळला. मी बोलत राहिलो. पेशी काचेवर सोडली की आधी गोल असते. अंग चोरून बसल्यासारखी. मग काठानं जमीन चाचपते. धरायला जागा मिळाली की आत निरोप जातो. निरोप्याचं काम प्रथिनं करतात. एक म्हणतं, पसर. पुढची कड पातळ होऊन सरकते. दुसरं म्हणतं, आवर. मागची कड सुटते. दोन्ही मिळून पेशी चालते. नुसतंच आवर आलं, तर जागच्या जागी गोळा. आणि धरायला, पसरायला जागाच दिली नाही, तर अशा कितीतरी पेशी मरतात. बाहेरून कुणी मारत नाही. मरायचा निरोप आतूनच निघतो.

टाळ्या झाल्या. मग फोटो. खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्षांनी मला बोटानं खालची जागा दाखवली.

"सर, तुम्ही पुढं सतरंजीवर बसा. मांडी घालून. तुम्हाला सवय असंल."

या वेळी सतरंजी मिळत होती. एवढ्या वर्षांत एवढी प्रगती.

मी खुर्ची ओढली. त्यांच्या शेजारी बसलो. पाय लांब केला.

"पाय आवरा, सर. फोटोत बरं दिसत न्हाई."

"न्हाई," मी म्हणालो. "आता न्हाई आवरत."

कुणी हसलं नाही. फोटो निघाला. विभागप्रमुख व्हायची माझी आशाही बहुतेक त्याच झटक्यात निकालात निघाली.

घरी आलो. पुन्हा दुष्काळच, टँकर नुकताच येऊन गेलेला. बायको भरलेल्या घागरींजवळ पाय ताणून बसली होती. ती कंधारची. तिथली माणसं कौतुकात वेळ घालवत नाहीत. मी सगळं रंगवून सांगितलं.

"कोणता पाय?" तिनं विचारलं.

"डावा."

"आन् उजवा?"

उजवा खुर्चीखाली होता. काठी त्याच्यावरच बसली होती. झोपेतही मी तो पोटाशी ओढून घेतो, हे मला तिनंच सांगितलेलं.

ती उठली. पदराला हात पुसले.

"अहो, सासूबाईंनी तो पाय त्या दिवसापुरता धरला होता. जलमभरासाठी न्हाई. सोडवून घ्या. तोवर तो फोटो ह्या घरात लागणार न्हाई."