चौथी लाल चिठ्ठी

पिंपरीपासून चाकणपर्यंत भंगाराची दुकानं मोजता येणार नाहीत, पण भंगारात जाणाऱ्या वस्तूला आमच्या सरांइतका न्याय कुणीच दिला नसेल. पेशीतली निकामी प्रथिनं मोडीत कशी निघतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. अशा प्रथिनावर आधी युबिक्विटिनची खूण लागते. सरांचे वडील कारखान्यात तपासणीला होते, खराब पार्टला लाल चिठ्ठी लावायचे. म्हणून सरांच्या तोंडी युबिक्विटिनचं नाव कायम ‘लाल चिठ्ठी’. “एका चिठ्ठीनं कुणी मोडीत जात न्हाई. चारांची माळ लागती,” ते म्हणत. हाच नियम गळक्या कपाला, कुरकुरणाऱ्या खुर्चीला, रहाटणीच्या घरातल्या मिक्सरला. दर चुकीला एक चिठ्ठी, चौथी लागली की भंगार. तीन चिठ्ठ्यांची चप्पल घालून ते सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मिरवले.

त्यांचा जीव ई-टू या एन्झाइमवर. एक एन्झाइम चिठ्ठी तयार करतं, दुसरं ती कुणाला लावायची ते ठरवतं. मधल्या मध्ये चिठ्ठी वाहून नेतो तो ई-टू. “नाव ठरवणाऱ्याचं होतं राव, राबतो ह्यो.”

मी भूम गावाहून त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधनाला आलेलो, घरातला पहिला पदवीधर. पहिल्याच आठवड्यात नळीत ई-टू घालायला विसरलो. दिवसभराचा प्रयोग वाया. आता घरी पाठवणार, असं वाटलं. सरांनी माझ्या ॲप्रनला एक चिठ्ठी लावली. “चिठ्ठ्या हायेत, ठरवणारा हाय, अन् नेणाऱ्याला गावाला धाडलंस व्हय?” दुसऱ्या दिवशी प्रयोग जमला, तेव्हा त्यांनीच ती सोलून काढली. “चुकून लागलेली चिठ्ठी काढणारी एन्झाइमं बी असत्यात, भावा.”

पुढे सरांचा उजवा हात थरथरू लागला. कंपवात. या आजारात मेंदूच्या पेशींत निकामी प्रथिनं साचत जातात. रिपोर्ट वाचून सर म्हणाले, “आमच्याच खात्यात घोळ निघाला.”

थेंब मोजून उचलायच्या त्यांच्या जुन्या पिपेटवर एक चिठ्ठी आली, मग दुसरी, तिसरी. ते जेवायला गेले की मी एक काढून टाकायचो. चार-सहा दिवसांत पुन्हा तीन. असे दोन महिने गेले.

एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. “आता ऱ्हाऊ दे. ही चुकून लागलेली न्हाई.”

त्यांनी चौथी चिठ्ठी घेतली. बोट इतकं थरथरत होतं, की ती पिपेटवर बसेना. शेवटी मी ती त्यांच्या बोटावरून अलगद उचलली आणि पिपेटपर्यंत नेली.

“हां,” सर म्हणाले. “आता तुला ई-टू कळला.”

त्यानंतर ते प्रयोगशाळेत आले नाहीत. पिपेट भंगारात टाकायचं काम माझ्याकडे आहे. पिपेट अजून माझ्या खणातच आहे.