आमच्या बारीची भाकर

दादा गेला त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की शब्दच सापडायचे नाहीत. हे लिहितानाही मला संकोच वाटतो, कारण मी काही जाणती विश्वासी नाही. भोरच्या कॉलेजात बी.ए.ला आहे, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. देवाबद्दल मोठं बोलण्याची माझी योग्यता नाही. जे घडलं ते जसं पाहिलं तसं सांगते.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, दुधाचा टेम्पो चालवायचा. त्या सकाळी सारोळ्याच्या पुलाच्या अलीकडे त्याचा टेम्पो उलटला. मी वर्गात होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर "लगीच घरी ये" एवढंच सांगितलं. आवाज जरा ओढल्यासारखा वाटला, पण मला काही उमगलं नाही. वाटलं, कुठं लागलं असेल, पाय मोडला असेल. कापूरहोळला एसटी बदलताना मी दादासाठी त्याच्या आवडीचा बिस्किटांचा पुडासुद्धा घेतला. मार्गासनीला उतरून आमच्या वाडीकडे चालत आले, तर अंगणात चपलाच चपला. एवढी माणसं आमच्या घरी कधी आली नव्हती. मी पुडा हातात धरून दारात उभी राहिले आणि शेजारच्या काकूंनी मला पोटाशी ओढलं. त्यानंतर किती तरी वेळ मला फक्त काकूंच्या बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता. बाकी सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं.

आमच्या वाडीत ख्रिस्ती घरं थोडी. आमच्यासाठी वेगळी स्मशानभूमी नाही, म्हणून दादाला आमच्याच भातखाचराच्या कडेला मातीत ठेवलं. खड्डा काकूंच्या घरातल्या पुरुषांनी खणला. ते आमच्या धर्माचे नाहीत, त्यांना कुणी बोलवायलाही गेलं नव्हतं. फावडी घेऊन तेच आले. काकू रोज पिठलं-भाकरी बांधून आणायच्या आणि मला दटावायच्या, "पोरी, च्या तरी पी, न्हाईतर नाक दाबून पाजीन बग." मी चहा प्यायचे. आई मात्र काहीच घेत नव्हती. भिंतीला टेकून बसायची, डोळे कोरडे. रडलीही नाही. आबा तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवायचे, तो तसाच राहायचा. आई अशीच विझत जाईल अशी मला भीती वाटायची.

भेटायला येणारी माणसं चांगल्या मनानेच बोलत होती. कुणी म्हणालं, देवाला चांगली माणसं लवकर लागतात. कुणी म्हणालं, घरात काही चुकलं का ते तपासा. मला दोन्ही ऐकवत नव्हतं. आई रोज पहाटे दादाच्या टेम्पोच्या काचेवर हात ठेवून प्रार्थना करायची. त्या दिवशीही तिने केली होती. मग ती प्रार्थना गेली कुठे? मनात हा प्रश्न आला की मी दचकायचे, कारण असा प्रश्न विचारला की विश्वास संपला, असं मला वाटायचं.

आता आमच्या मंडळीतली, म्हणजे इथल्या ख्रिस्ती समाजातली, एक रीत सांगायला हवी. महिन्यातून एकदा आमच्याकडे प्रभुभोजन होतं. प्रभू येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांना भाकर मोडून दिली, त्याची आठवण म्हणून. शहरातल्या चर्चमध्ये काय वापरतात ते मला माहीत नाही, पण आमच्याकडे त्यासाठी तांदळाची भाकरी असते आणि ती एकेका घराने बारीने, म्हणजे पाळीपाळीने, करायची असते. उपासनेच्या सकाळी पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आधी त्या घरी येतात, चहा घेतात आणि भाकर पांढऱ्या फडक्यात बांधून उपासनेला नेतात. दादा गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी बारी आमची होती.

पण आमच्यात सुतकही पाळतात. येशूला मानून दोन पिढ्या झाल्या तरी ते सुटलेलं नाही. मयताच्या घरात चूल पेटत नाही, त्या घरचं कुणी खात नाही. तेव्हा आमची बारी आत्याकडे गेली, हे कुणी सांगायचीही गरज पडली नाही. आत्या वाडीच्या वरच्या अंगाला राहते. तिने पहाटेच भाकर करून ठेवली आणि मग आमच्याकडे येऊन बसली.

नेहमीचे पाळकसाहेब आजारी होते. त्यांच्या जागी दुसऱ्या गावचे एक वयस्कर पाळक येणार होते. त्यांना बारी आमची एवढंच ठाऊक होतं, आमच्या घरातली गोष्ट कळवायची राहूनच गेली. आबांना वाटलं आत्याच्या घरच्यांनी कळवलं असेल, त्यांना वाटलं आबांनी. हे पाळक मार्गासनीला उतरले आणि त्यांनी आबांचं नाव घेऊन घर विचारलं. थांब्यावरच्या माणसांना वाटलं, भेटायलाच आलेत. त्यांनी मुकाट्याने वाट दाखवली.

साहेब दारात आले ते हसतच. कपाळावर घाम, खांद्याला पिशवी. "जय ख्रिस्त! एसटीनं उशीर केला बघा. ताई, भाकर झाली का आपली?"

  आबा ओटीवरून उठेपर्यंत आत्याच पुढे झाली. "अवो सायेब, काय बोलताय! हितं सुतक हाय. आमचं प्वार गेलं." साहेबांचं हसू तोंडावरच राहिलं. ते आत येईनात, मागेही जाईनात.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "बसा सायेब. करते."

आई बोलली होती. ती भिंतीला धरून उठत होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला, तर तो तिने सोडवून घेतला.

"वैनी, तुमी कुठं निगाला?" आत्या घाबरली. "माज्या घरी हाय की केलेली. सुतकात चूल न्हाई पेटवत."

आई चुलीपुढे बसली. काडी ओढताना म्हणाली, "देवाच्या घरचं बी प्वारच गेलं न्हवं? त्यानं केलं का भाकर द्यायचं बंद?"

 काकू उठल्या आणि तिच्यापुढे परात सरकवली. आईने आधण ठेवलं, पीठ वैरलं, उकड मळली.  भाकरी तव्यावर टाकली तशी मधून चिरली. आत्या हळूच म्हणाली, "चीर गेली बगा." आई म्हणाली, "मोडायचीच हाय न्हवं ती?"

उपासना आत्याच्या पडवीत झाली. साहेबांनी पिशवीतून उपदेशाचे कागद काढले आणि परत ठेवून दिले. प्रार्थनाही त्यांना धड सांगता आली नाही. त्यांनी आमची भाकर उचलली, मोडली, आणि आधी आईसमोर धरली. आईने तुकडा तोंडात घातला. ते तिचं दादा गेल्यानंतरचं पहिलं अन्न. तो घास गिळला आणि ती मोठ्याने रडली. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. आबा तिच्या शेजारी येऊन बसले. मग आम्ही सगळेच रडलो, भाकर खात खात.

मला नीट सांगता येत नाही, पण तोपर्यंत माझा देव कुठेतरी वर बसलेला होता. तिथून तो कुणाला सुख, कुणाला दुःख वाटायचा, आणि मी खाली उभी राहून भांडत होते. त्या दिवशी मला धक्का बसला तो याचा, की तो वर नव्हताच. तो मयताच्या घरातला होता, आमच्यासारखाच. वधस्तंभावर त्याच्या मुलाने, येशूनेही, "माझा त्याग का केलास" असंच विचारलं होतं, आणि त्यालाही तेव्हा उत्तर मिळालं नव्हतं. म्हणजे माझा प्रश्न विश्वासाच्या बाहेरचा नव्हता. हे मी आधी कितीदा तरी ऐकलं होतं. आईच्या एका वाक्याने ते पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळच्या एसटीला साहेबांना सोडायला मी गेले.  थांब्यावर ते डोळे पुसत म्हणाले, "पोरी, मला माफ कर. कुणी सांगितलं असतं तर मी तुमच्या दारी भाकर मागायला आलोच नसतो."

एसटी वळणाआड गेली तरी मी तिथेच उभी होते. आम्ही सगळे शहाणे होतो, आईला जपत होतो, तिच्याकडून काही मागायचं नाही असं ठरवून बसलो होतो. आणि ज्याला काहीच माहीत नव्हतं, त्याच्या तोंडून देवाने तिच्याकडे मागितलं. दादा का गेला ते मला आजही कळलेलं नाही. पण त्या रस्त्यावर मला इतक्या दिवसांनी प्रार्थना करता आली. ती एवढीच होती: प्रभू, त्यांना कुणी सांगितलं नाही, त्याबद्दल तुझे आभार.