पडद्यावर काहीतरी पळू द्या

सिनेमात कंप्युटर आला की मला अजूनही बसवत नाही. पडद्यावरचा माणूस दहाही बोटांनी खडखड करतो, हिरवे आकडे भराभर खाली पळतात आणि तिसऱ्या सेकंदाला गुन्हेगाराचा फोटो, पत्ता, आईचं नाव सगळं हजर. मुलगा म्हणतो, "आई, सिनेमा आहे, सोड ना." मी सोडत नाही. एवढं सगळं पळत असताना हा वाचतो कधी, असं मी विचारते. एकदा तरी चुकीचं बटण दाबतो का, तेही विचारते. घरातले सगळे माझ्यावर वैतागतात आणि मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. खरं कारण कुणाला सांगत नाही.

पहिला कंप्युटर मी नांदेडला टॉकीजमध्ये पाहिला. वडील पाटबंधारे खात्यात शिपाई होते आणि वर्षातून एक-दोनदा आम्हा भावंडांना सिनेमाला न्यायचे. त्या सिनेमात खलनायकाच्या अड्ड्यावर अख्खी भिंतभर लाल-हिरवे दिवे लुकलुकत होते आणि भिंत बाईच्या आवाजात बोलत होती. तिला सगळं ठाऊक होतं. नायक कुठे लपलाय हेही तिनेच सांगितलं. शेवटी कुणीतरी भलतंच बटण दाबलं, आकडे उलटे पळायला लागले आणि अड्डा उडाला. बाकीच्यांना त्यातली मारामारी आठवायची, मला ते बटण आठवायचं.

बारावीनंतर वडिलांनी मला स्टेशनजवळच्या कंप्युटर क्लासला घातलं. आमच्या बौद्ध घरात शिक्षणाला नाही म्हणायची सोयच नव्हती, आणि 'सरकारात आता हेच येणार' हे वडिलांनी ऑफिसात कुठेतरी ऐकलं होतं. दोन मशीन आणि तीस पोरं-पोरी. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, चुकीचं बटण दाबलं तर?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला आणि मग उत्तर ऐकायला पुढे वाकला, कारण सिनेमा सगळ्यांनीच पाहिलेला होता. सर म्हणाले, "काही होत नाही." ते खोटं होतं, पण ते मला लातूरला गेल्यावर कळलं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा काहीच वर्षं झाली होती. जुन्या जिल्ह्यातून आलेले फायलींचे गठ्ठे अजून व्हरांड्यात तसेच बांधलेले होते, आणि अशा कलेक्टर ऑफिसात कंप्युटर आला. मला सहा महिन्यांची ऑर्डर मिळाली. सहा महिने झाले की साहेबांना वाटलं तर पुढचे सहा. कंप्युटरच्या खोलीला एसी होता आणि चप्पल बाहेर काढून आत यायचं, त्यामुळे दारात कायम देवळासारखा चपलांचा ढीग. लोक आत यायचे, थंड हवेत उभे राहायचे आणि निराश व्हायचे. एक टीव्हीएवढी पेटी, काळ्या काचेवर हिरवी अक्षरं, बस्स. आमचे शिपाई मामा तर पहिल्याच दिवशी मशीनच्या मागे जाऊन बघून आले.

"ताई, ह्याचे लाल दिवे कुठं हायत?"

"नसतात मामा."

"मंग बोलतं तरी का?"

"बोलत नाही."

"मंग ह्यो कंप्युटर न्हाई," मामा म्हणाले. तरी खंडेनवमीला त्यांनीच मनोभावे पूजा केली. टाइपरायटर, पंचिंग मशीन, जीप यांना हळदकुंकू लावता लावता त्यांनी माझ्या नव्या कोऱ्या फ्लॉपींनाही लावलं, नेमकं त्या उघड्या खाचेत. आमच्या मशीनमध्ये आत काही साठत नसे, सगळं त्या पातळ चौकोनी फ्लॉपींवर ठेवावं लागे. सगळ्या कोऱ्या फ्लॉपी वाया गेल्या. नव्या मागवल्या, पण त्या औरंगाबादहून यायच्या होत्या आणि येतच नव्हत्या. मामांना मी काही बोलले नाही. सणाच्या दिवशी काय बोलणार?

त्या वर्षी पाऊस असून नसल्यासारखा झाला. संक्रांतीनंतर विहिरी तळाला गेल्या आणि मला टँकरच्या गावांची यादी करायचं काम आलं. तलाठ्याचा प्रस्ताव यायचा, साहेब सही करायचे, मी गावाचं नाव टाइप करायची आणि प्रस्तावावर लाल पेनने बरोबरची खूण करायची. पंधरा दिवसांनी यादी छापायची. त्या यादीत नाव असेल त्या गावाला टँकर, नसेल त्याला नाही. काम एवढं सोपं होतं की त्याची भीतीच वाटायची. मी प्रत्येक नाव दोनदा वाचायची आणि घरी गेल्यावर वाटायचं, तिसऱ्यांदा वाचायला हवं होतं.

फेब्रुवारीत मुंबईहून कुणी मोठे पाहुणे दुष्काळाची पाहणी करायला येणार असं कळलं. टंचाईचं काम बघणारे आमचे साहेब माझ्या खोलीत आले आणि पडद्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. यादी होती, हलत नव्हती.

"मॅडम, हे असं नुसतं थांबलेलं असतं का कायम?"

"यादी आहे सर. ती थांबलेलीच असते."

"पाहुण्यांना काय दाखवायचं मग? सिनेमात बघा कसं पळत असतं. पडद्यावर काहीतरी पळू द्या."

मी खरं तर नाही म्हणायला हवं होतं. पण ऑर्डर संपायला महिनाच उरला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही हौस होती. क्लासमध्ये शिकलेलं सगळं पणाला लावून मी फुल्याफुल्यांचा जिल्ह्याचा नकाशा केला. औसा, उदगीर, निलंगा असे ठिपके एकामागून एक लुकलुकायचे, बाजूला आकडे पळायचे. त्या आकड्यांना काही अर्थ नव्हता, नुसते पळायचे. शेवटी मोठ्या इंग्रजी अक्षरात 'पाणी' असा शब्द उमटायचा. मामांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हाव, आता झाला बघा कंप्युटर."

हे सगळं ठेवायला जागा नव्हती. नव्या फ्लॉपी अजून आल्या नव्हत्या आणि होती ती शिगोशीग भरलेली. मी रेणापूरकडच्या गावांची यादी पुसली. छापील प्रत होतीच, पाहुणे गेले की परत टाइप करू म्हटलं.

पाहुणे आले, बघून खूश झाले, फोटो निघाला. साहेब त्यांना म्हणाले, "आता माणसाच्या हातून चूक व्हायचा प्रश्नच उरला नाही." मी खुर्चीच्या मागे उभी होते आणि मला फार अभिमान वाटत होता. दुसऱ्या दिवशी नकाशा पुसून छापील प्रतीवरून मी ती गावं परत भरली, दोनदा वाचली, जुळली. पंधरवड्याची यादी छापून गेली.

आठवड्याने तीन बाया आल्या. रेणापूरच्या पुढच्या एका गावच्या, सकाळच्या एसटीने आलेल्या. पुढे होती ती पन्नाशीची. साहेबांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं, कंप्युटरला विचारा म्हणून. तलाठ्याने त्यांना सांगितलं होतं, टँकर मंजूर झालाय, सोमवारी येईल. सोमवार गेला होता.

मी यादी वर-खाली केली. गाव नव्हतं.

"नाही मावशी. कंप्युटरमध्ये नाव नाही."

"नीट बघ माय. तलाठी म्हनला, नाव हाय."

मी पुन्हा पाहिलं. तिच्या मागची बाई म्हणाली, "आगं तिनं काय बघावं, मशीनच सांगून राहिलंय न्हाई म्हून. जत्रंत तंबूत सिनेमा बघितलाव की आपन. ते खोटं बोलत नसतंय."

पन्नाशीच्या बाईने मान हलवली. तिने हुज्जत घातली असती तर बरं झालं असतं. तलाठ्याशी ती नक्की भांडली असती, साहेबांशीही भांडली असती, पण त्या काचेपुढे ती गप्प झाली. "मंग कवा येईल नाव?" तिने विचारलं. मी म्हणाले, वरून मंजूर झालं की येईल. तिघी व्हरांड्यातल्या माठातलं पाणी प्यायल्या आणि गेल्या. पन्नाशीची दोन पेले प्यायली.

त्या गेल्यावर मी यादी पुन्हा एकदा वर-खाली केली. तलाठी असं उगाच कशाला सांगेल? प्रस्तावांची फायल माझ्याच कपाटात होती. उठून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी तीन दिवस उठले नाही. दुसरी कामं काढली, प्रिंटरची रिबन बदलली, कागद लावले. फायल उघडली की त्यात काय सापडेल ते मला कुठेतरी माहीत होतं. जेवताना घास फिरायचा. खोलीवरची मैत्रीण म्हणाली, तुला बरं नाही का? मी म्हणाले, एसीमुळे सर्दी झालीय.

चौथ्या दिवशी फायल काढली. प्रस्ताव होता. साहेबांची सही होती. आणि गावाच्या नावापुढे लाल पेनची माझी स्वतःची खूण होती. छापील प्रत निघाल्यानंतर ते गाव आलं होतं, मी ते फ्लॉपीवर भरलं होतं आणि मग नकाशाला जागा करायला मीच पुसलं होतं. जुन्या छापील कागदावर ते असणारच नव्हतं. कागद कागदाशी जुळला, म्हणून मला सगळं जुळलं असं वाटलं.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते आधी दाराबाहेर डोकावून आले.

"मॅडम, तुमची ऑर्डर कधी संपते?"

"या महिन्याअखेर, सर."

"मग कशाला बोभाटा करता? पुढच्या यादीत घाला. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे."

मी तिथेच उभी राहिले. धीट होते म्हणून नव्हे, पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून. रडू येईल की काय असं वाटत होतं आणि बहुधा त्यांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी यादीची प्रत ओढली, खाली पेनाने गावाचं नाव लिहिलं आणि सही ठोकली. ती प्रत टँकर सोडणाऱ्या कारकुनाकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. हाताने लिहिलेलं चालणार नाही, असं कुणीही घुसडेल, कंप्युटरचं आणा, असा त्याचा निरोप होता. त्याचं बरोबरच होतं. कंप्युटर चुकत नाही असं त्याला आम्हीच सांगितलं होतं. मी नाव भरलं आणि छापायला बसले, तर लाईट गेलेली. लाईट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. साहेब दौऱ्यावर. सहीला आणखी एक दिवस. बाया येऊन गेल्यापासून नवव्या दिवशी त्या गावाला टँकर गेला.

त्यानंतर चार दिवसांनी ती पन्नाशीची बाई परत आली. एकटीच. टँकर आला हे सांगायला आली होती. डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं आणि तो हात पदराच्या झोळीत अडकवलेला.

"हे कशानं झालं मावशी?"

"काय न्हाई. हिरीत उतरले हुते पान्याला. पाय निसटला."

"कधी?"

"आमी हितून गेलो न्हाई का, त्याच्या चौथ्या दिशी."

चौथ्या दिवशी मी फायल उघडली होती. मी तिला बसायला खुर्ची दिली, ती खालीच बसली. दार लोटून घेतलं आणि सांगून टाकलं. "मावशी, तुमच्या गावाचं नाव आधीच आलेलं होतं. माझ्या हातून पुसलं गेलं. चूक माझी आहे."

ती हसली. चेष्टा करते आहे असं समजून हसावं तसं.

"येडी हायस का? मशीनीत नव्हतं, तू सोताच्या डोळ्यानं बघून सांगितलीस की. मशीन कशाला चुकंल? कामून सोताच्या अंगावर घेऊन राहिलीस?"

मला पुन्हा सांगता आलं असतं. लाल खुणेचा कागद कपाटात होता, तो काढून तिच्यापुढे धरता आला असता. पण तिने विश्वास ठेवला नाही आणि मला बरं वाटलं. सरळ सांगते, सुटल्यासारखं वाटलं. महिनाअखेरीला साहेबांनी मला पुढची ऑर्डरही दिली, आणि त्या नोकरीवरच माझं आजवरचं सगळं उभं आहे.

"आता नाव हाय नव्हं त्याच्यात? दाव की मला," ती म्हणाली.

मी यादी काढली, पडदा तिच्याकडे वळवला आणि गावाच्या नावावर बोट ठेवलं. अक्षरं इंग्रजी होती, तिला मराठीही वाचता येत नव्हतं. ती उठली, जवळ आली. दुसरा हात वर होत नव्हता, म्हणून एकाच हाताने तिने पडद्याला नमस्कार केला. मी तिथेच बाजूला खुर्चीत बसून होते.