मोर्शीची वाइन आणि आमचे गुणवंतभाऊ

माझ्या मुलीच्या सासरी मी अट्टल दारुडा म्हणून प्रसिद्ध आहे.

खरं सांगायचं तर आजवरच्या आयुष्यात मी फक्त एकच ग्लास घेतला, आणि त्यातही नुसती वाइन नव्हती! पण हे त्यांना सांगणार कसं? सांगितलं तर व्याह्यांची इभ्रत जाते, न सांगितलं तर माझी. माझी आता गेलेलीच आहे, म्हणून निदान तुम्हाला सांगतो.

आमच्या प्राजूचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, गुणी, हसतमुख. माणसं चांगली. वाद एकाच गोष्टीवर होता, लग्न कुठे लावायचं? मुलाकडची जगताप मंडळी म्हणत होती, पुण्यात. त्यांनी तिथलं हिरवळीचं कार्यालयसुद्धा बघून ठेवलं होतं. इकडे माझी बायको सुनंदा हट्टाला पेटली होती.

"पोरगी आपल्या दारातून गेली पायजे," ती म्हणाली. "माही माय ऐंशीच्या वर हाय. तिले पुण्याले नेऊ का खाटेसकट?"

"मग मी काय करू?"

"तुमी काई करू नका. फक्त त्याइले अमरावती आवडली पायजे, एवढं करा."

शेवटी जगताप पतिपत्नी दोन दिवस आमच्याकडे राजापेठेत मुक्कामाला यायचे ठरले. इथली सोय पाहू, माणसं पाहू, मग ठरवू, असं त्यांचं म्हणणं. आता अमरावतीत पुणेकरांना दाखवायचं काय? मी निवृत्त भूगोलशिक्षक. मला पाणलोट क्षेत्र दाखवता येतं! एवढ्यात कळलं की गावातल्या एका कंपनीनं 'वऱ्हाडची चव' नावाची एक दिवसाची सहल सुरू केली आहे. वातानुकूलित गाडी, सोबत गाइड. सकाळी अकोटची तेलघाणी, दुपारी अंजनगावचा पानमळा आणि संध्याकाळी मोर्शीकडे संत्र्या-जांभळाची वाइन करणारा कारखाना.

वाइनचं नाव ऐकून जगतापसाहेब फोनवरच फुलले. त्यांनी म्हणे वाइन चाखण्याचं दोन दिवसांचं शिबिर केलं होतं, प्रमाणपत्रासकट. मी लगेच म्हणालो, "अरे वा, मलाही त्यातलं थोडंफार कळतं." (हे वाक्य माझ्या तोंडून का निघालं, ते आजतागायत मला कळलेलं नाही.) त्यानंतरचा आठवडा मी मोबाईलवर वाइन चाखण्याचे व्हिडिओ पाहत आणि स्टीलच्या पेल्यात ताक घेऊन ते गोल फिरवत घालवला. दोन शर्ट खराब झाले.

सहलीला घरचं कुणी वडीलधारं हवं, म्हणून सुनंदानं मोर्शीहून आपल्या थोरल्या भावाला बोलावलं. हे गुणवंतभाऊ. संत्र्याची बाग, भारदस्त मिशा, मोकळा स्वभाव आणि तोंडात अष्टौप्रहर खर्रा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घोटून केलेला आमच्याकडचा राष्ट्रीय पदार्थ. त्याच्यावर बंदी आहे, आणि तो कुठेही मिळतो. खर्रा तोंडात गेल्यावर भाऊ दर पाच मिनिटांनी थुंकणार, हे ठरलेलं. सकाळी गाडीत बसण्यापूर्वी सुनंदानं आपल्या सख्ख्या भावाची अंगझडती घेतली. बंडीच्या खिशातून एक पुडी निघाली, पायजम्याच्या नेफ्यातून दुसरी.

"भाऊ, आज दिवसभर तू त्या लोकाईसमोर एकडाव जरी थुकला ना, तं तुहा माहा संबंध तुटला!"

"अवं, पण—"

"पोरीच्या लग्नाचा सवाल हाय."

भाचीचं नाव निघाल्यावर भाऊ विरघळले. त्यांनी मान डोलावली आणि गाडीत जाऊन बसले.

अकोटला घाणीवर श्वेता नावाच्या आमच्या गाइडनं छोटा झेंडा उंचावून सांगितलं, "इथं आपण ताज्या तेलाचा एक-एक थेंब चाखणार आहोत." थेंब! घाणीच्या मालकीणबाईंनी ते ऐकलं आणि त्यांना स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटलं. त्यांनी प्रत्येकापुढे एक अख्खी ज्वारीची भाकर, ठेच्याचा गोळा आणि वाटीभर तेल ठेवलं. विहीणबाई एकदाच "नको" म्हणाल्या. आमच्याकडे पहिलं 'नको' लाजेचं, दुसरं रीतीचं, आणि तिसऱ्याच्या आत वाढणं झालेलं असतं. त्यांना दोन भाकरी आल्या. जगतापसाहेबांनी मात्र बोटावर तेल घेऊन डोळे मिटले आणि शेंगदाण्याच्या तेलाला शेंगदाण्याचा वास येत असल्याचं जाहीर केलं.

"बरोबर!" मी म्हणालो. भाऊ मोठ्यानं हसले. सुनंदानं त्यांना चिमटा काढला.

बिना खर्ऱ्याचे भाऊ अंजनगावपर्यंत कसेबसे टिकले. त्यांना जांभया येत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते उगाच रस्त्यावरचे बोर्ड मोठ्यानं वाचत होते. पानमळ्यात सगळे वेलांखालच्या गार सावलीत फिरत असताना ते "जरासा मोकळा होऊन येतो" म्हणून गेले. परत आले तेव्हा चेहरा प्रसन्न होता आणि डावा गाल किंचित वर आलेला होता. पानमळ्याच्या तोंडाशीच पानठेला होता, हे मी येताना पाहिलं होतं. मी गप्प बसलो, कारण जांभयांनी मीही वैतागलो होतो.

आता खरी मजा अशी की वातानुकूलित गाडीच्या काचा उघडत नाहीत. शेजारी बहीण बसलेली. अंजनगावहून परतवाडा, तिथून पुढे चांदूर बाजार, आणि भाऊंचं तोंड बंद! थुंकायची सोय नाही आणि गिळायची हिंमत नाही. व्याह्यांनी त्यांना संत्र्याच्या बागेबद्दल विचारलं, भाऊ म्हणाले, "हूं." लग्नाबद्दल विचारलं, भाऊंनी दोन्ही हात जोडून वर पाहिलं.

"तुमचे मेहुणे फार विचारी वाटतात," जगतापसाहेब माझ्या कानात म्हणाले. "मोजकं बोलतात."

मी म्हणालो, "पहिल्यापासून." भाऊंचे डोळे एव्हाना बाहेर यायला लागले होते.

वाइनचा कारखाना म्हणजे संत्र्याच्या बागेतलं एक लांबलचक शेड. आत स्टीलच्या उंच टाक्या, गारवा आणि आंबूस गोड वास. लांब टेबलावर प्रत्येकासमोर एक ग्लास, आणि टेबलाच्या पार टोकाला एक चकचकीत बादली. श्वेतानं जांभळाची वाइन ओतली. गडद रंग. तिच्यातून सूर्य पाहिला तरी दिसणार नाही इतकी गडद!

"आधी रंग पाहायचा, मग फिरवायची, मग वास, मग एक घोट तोंडात घोळवायचा," ती म्हणाली. "गिळायची नसेल तर त्या बादलीत थुंकायची."

थुंकायची! भाऊंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. पण बादली टेबलाच्या टोकाला, आणि बादलीशेजारी उभी सुनंदा. भाऊ एक पाऊल पुढे गेले, तिनं डोळे वटारले, भाऊ एक पाऊल मागे आले. मग त्यांनी शांतपणे आपला ग्लास ओठांना लावला, बराच वेळ तसाच धरला, आणि टेबलावर माझ्या ग्लासाशेजारी ठेवला. मला वाटलं, घोट घेतला.

त्याच वेळी मी व्याह्यांना ज्ञान देत होतो. "वाइनचा वास घेताना माणसानं आपलं पूर्वायुष्य विसरावं," असं काहीसं मी बोललो (व्हिडिओत होतं), टेबलावरचा ग्लास उचलला, गोल फिरवला, नाक आत घातलं आणि थक्क झालो. खरोखरच वास येत होता! जांभळामागून काहीतरी उग्र, ओळखीचं.

"तंबाखू!" मी म्हणालो. "तंबाखूची स्पष्ट छटा आहे."

मी एक घोटही घेतला. तो थुंकायला हवा होता, पण पाहुण्यांसमोर थुंकणं जमेना, म्हणून गिळला. जिभेला चरचरलं.

जगतापसाहेबांनी आपला ग्लास हुंगला. "माझ्यात येत नाहीये हो. द्या बरं तुमचा." त्यांनी माझा ग्लास घेतला, घोट तोंडात घोळवला, शिबिरातल्या शिस्तीनं बादलीत थुंकला आणि डोळे उघडले. "वाहवा! तंबाखू आहेच. शिवाय सुकं लाकूड. आणि शेवटी... चुनखडीची जमीन!"

"सर, इथं सगळी काळी जमीन हाय," श्वेता गोंधळून म्हणाली. घाईत तिची गाइडची भाषा सुटली होती. "चुना कुठून येईन?"

"काय सुंदर वाइन हाय, वा!" गुणवंतभाऊ एकदम खणखणीत आवाजात म्हणाले. "अन् काय मस्त जागा हाय! लगन इथंच लावा म्हनतो मी!"

दोन-अडीच तासांनी हा माणूस बोलत होता! सुनंदानं चमकून भावाच्या गालाकडे पाहिलं. गाल सपाट होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. भाऊ सरकत माझ्या कानाशी आले.

"जवाईबुवा, थो गिलास माहा हाय."

"मग?"

"खर्रा थुकलो त्यात."

पण त्याहून भयंकर दृश्य समोर होतं. जगतापसाहेब तोच ग्लास विहीणबाईंच्या हातात देत होते. "घे, घे. अशी चव पुन्हा मिळायची नाही." विहीणबाईंनी ग्लास ओठांपर्यंत नेला. आता काय करावं? खरं सांगावं, तर साहेबांनी आताच कशाचं कौतुक केलं ते निघणार. लग्न पुण्यातसुद्धा लागणार नाही! न सांगावं, तर माझ्या मुलीची सासू माझ्या साळ्याचा खर्रा पिणार.

"थांबा!" मी ओरडलो, झेप घेतली, विहीणबाईंच्या हातातून ग्लास हिसकावला आणि परत कुणी मागू नये म्हणून उभ्याउभ्या घटाघटा रिकामा केला. तळाशी सुपारी होती. तीही गिळली.



"अहो, बाटली भरलेली आहे अजून," जगतापसाहेब हळूच म्हणाले. "इतकी घाई..."

मी आयुष्यात कधी तंबाखू खाल्ली नव्हती, आणि आता पहिल्याच दिवशी सराईत माणसाचा मुरलेला खर्रा प्यायलो होतो. आधी कान गरम झाले. मग टाक्या फिरायला लागल्या. मी जवळच्या एका टाकीला मिठी मारली, तर तीही माझ्यासोबत फिरायला लागली! मी शुद्धीत आहे हे दाखवण्यासाठी मी मोठ्यानं विदर्भातल्या नद्या सांगायला सुरुवात केली. त्या कुणी विचारलेल्या नव्हत्या. पूर्णेपर्यंत बरं चाललं होतं, वर्धेला जीभ अडखळली, आणि त्यापुढचा भूगोल मी बाहेर संत्र्याच्या झाडाखाली ओकलो.

परतीच्या वाटेवर मला मागच्या सीटवर आडवं केलं होतं. भाऊ मला सहलीच्या माहितीपत्रकानं वारा घालत होते. डोळे पुसत एकदा म्हणाले, "जवाईबुवा, तुमी माही लाज राखली. मी खर्रा सोडतो." (त्यांनी तो सोडला. अमरावती येईपर्यंत.) पुढून विहीणबाईंची कुजबुज ऐकू येत होती.

"एवढ्याशा वाइननं असं होतं का हो?"

"छे! आधीची असणार. मघाशी गाडीत ते मेहुणे किती गंभीर होते बघितलंस ना? त्यांना माहीत असणार सगळं."

"आणि माझ्या हातातून ओढून घेतला हो ग्लास! डोळे कसे झाले होते!"

मी उठून खुलासा करायचा प्रयत्न केला. तोंडातून फक्त "वैनगंगा" एवढंच निघालं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. जाताना जगतापसाहेबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि "तब्येतीला जपा" असं अशा आवाजात म्हणाले, की मला स्वतःचाच संशय आला. घरात सगळा प्रकार कळल्यावर सुनंदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, भावाशी तर नाहीच. लग्न आता पुण्याला, किंवा मुळीच नाही, हे आम्ही दोघांनी मनोमन धरलं होतं. मला फार वाईट वाटत होतं. पोरीचं लग्न आपल्या हातानं मोडलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तिसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. सुनंदानं तो स्पीकरवर टाकला आणि माझा हात घट्ट धरला.

"ताई, आम्ही विचार केला," पलीकडून आवाज आला. "मुलगी लाखात एक आहे तुमची, तिचा काय दोष? लग्न अमरावतीलाच करू. तुमच्या यजमानांना त्या अवस्थेत एवढा रात्रभराचा प्रवास करून पुण्याला आणायचं, म्हणजे तुमच्या जिवाला घोर. कशा हो सांभाळता तुम्ही त्यांना?"

मी जोरजोरात हात हलवून खुणा केल्या. सांग! खरं काय ते सांग! सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या आपल्या मायच्या फोटोकडे पाहिलं. मग माझा हात सोडला, पदर डोळ्यांना लावला आणि एक खोल उसासा टाकला.

"काय सांगू ताई... आता सवय झाली मले."

लग्न आमच्या दारातूनच झालं. माझ्या सासूबाई खुर्चीवर बसून अक्षता टाकत होत्या, सुनंदाचं तोंड दिवसभर उजळलेलं होतं. नवरदेवाचे दोन धिप्पाड चुलतभाऊ सकाळपासून माझ्या डाव्या-उजव्या बाजूला होते. आमच्या नातेवाइकांना वाटलं, काय मान देतात ही पुण्याची मंडळी! पाठवणीच्या वेळी प्राजू गळ्यात पडली आणि मला काही आवरेना. पाय लटपटले, हुंदका फुटला, तोंडातून शब्द निघेना. चारचौघांत मी पहिल्यांदाच असा रडलो. दोघा चुलतभावांनी लगेच माझे दंड धरले, आणि विहीणबाई सुनंदाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "आजच्या दिवस तरी बाटल्यांच्या कपाटाला कुलूप लावायचं होतं हो, ताई."