आपांनी छप्पर उतरवलं

महाल पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला आपा फाटकातच विचारायच्या, "घाईत न्हाई ना?" घाईत असेल त्याला थंड पाणी पाजून हसतमुखानं परत पाठवायच्या.

पारनेरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की त्यांच्या जहागीरदार पूर्वजांनी बांधलेला दगडी महाल आणि भोवतीचं चिंचा-कडुनिंबांचं रान लागायचं. जहागिरी कधीच गेली होती. भाऊ पुण्यात स्थायिक झालेला. आपा एकट्या तिथं राहत.

नगरहून मी मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी आम्हाला थेट रानात नेलं. वय सत्तरीचं, पण चालण्यात आम्हाला मागं टाकत होत्या. एका चिंचेवर थाप मारून म्हणाल्या, "ही लबाड हाय. एक साल देती, एक साल रुसती." महाल दाखवला तो ऊन कलल्यावर. त्यानंतर मी जातच राहिले.

एका पावसाळ्यात दिवाणखान्याची तुळई खचली. ठेकेदार म्हणाला, "मोठ्या चिंचा विका, छप्पर नवं होतंय." त्या चिंचांवर बगळ्यांची घरटी होती. आपा म्हणाल्या, "पिल्लं उडू द्या, मग या."

पिल्लं उडाली, ठेकेदार आला. मी तिथंच होते. आपांनी त्याला चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "छप्पर उतरवून घ्या. झाडं ऱ्हातील."

भावाचा फोन आला. खानदानाची अब्रू गेली म्हणून तो ओरडत होता. "अब्रू माझ्यापाशी सुखरूप हाय," आपा म्हणाल्या, "तू जेवलास का?" घोड्यांच्या जुन्या पागेत त्यांनी खाट टाकली, भिंतींना चुना दिला. मला वाईट वाटतंय हे ओळखून म्हणाल्या, "घर आमच्या पणजोबांनी बांधलं, म्हंजे कुनालाबी बांधता येतं. असली चिंच कोन बांधनार?"

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. सांत्वनाला गेले, तर भाऊ उघड्या दिवाणखान्यात एकटा उभा होता. तो आता रान विकणार, हे मी धरूनच चालले होते.

त्यानं रानाकडे पाहिलं. मग म्हणाला, "लहानपणी ती मला रोज रानात बोलवायची. मी एकदाही तिच्याबरोबर गेलो नाही. कुठल्या वाटेनं जायची ती?"

मी पुढं झाले. तो मागून येत राहिला.